काळ्या पट्टीमागचा दिवा

लेकीनं ब्रेक दाबला. चाकं थांबली, गाडी थांबली नाही.

उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्त्यावर चिखल सांडला होता आणि वरून अवकाळी झिमझिम चालली होती. गाडी ओल्या फरशीवरच्या साबणासारखी पुढं गेली. पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर कडेला उभा होता. लेक स्टिअरिंग फिरवत होती, गाडी ऐकत नव्हती. ट्रॉलीच्या बाहेर आलेले उसाचे बुडखे काचेवर आले. काच फुटली. पाच-सहा उसांचा जुडगा माझ्या आणि लेकीच्या मधून मागं घुसला. मागं माझी थोरली बहीण बसली होती, सीटच्या मधोमध. पुढचा रस्ता दिसावा म्हणून ती नेहमी तशीच बसते. तिच्या ओरडण्याआधी मला तिच्या खांद्याचं हाड मोडलेलं ऐकू आलं.

आक्काला आम्ही बेळगुंदीहून चार दिवसांसाठी निपाणीला माझ्या घरी आणत होतो. घर चार-पाच मैलांवर राहिलं होतं.

दवाखान्यात सगळ्यांच्या आधी माझा पुतण्या आला. माझ्या धाकट्या दिराचा मुलगा. हायवेला त्याचं गॅरेज आहे. मागून आक्काचे दोन्ही मुलगे बेळगुंदीहून आले. त्यांच्यासमोर तो म्हणाला, "बाईमाणसाच्या हातात स्टिअरिंग दिलं की हे असंच हुतंय. ब्रेक नुसता दाबून धरला की हो हिनं! कुणी शिकवलं हिला?"

लेकीच्या कपाळावर काचेचे तुकडे होते.  आक्काच्या थोरल्या मुलानं तिच्याकडं ज्या नजरेनं पाहिलं ती मी पाहिली. आठ दिवसांत ही गोष्ट भावकीत सगळीकडं झाली. आक्काला बघायला गेलो तर तिच्या सुनेनं लेकीच्या हातात पाण्याचा तांब्या दिला नाही, खाली ठेवला. लेक बेळगावात एका कारखान्यात नोकरीला आहे. तिथं यंत्रावर केलेले भाग मोजून बरोबर की चूक ते ती ठरवते. चाळीस पुरुष तिच्या शिक्क्यासाठी थांबतात. त्या लेकीनं गाडीची किल्ली देव्हाऱ्यात नेऊन ठेवली आणि दर शनिवारी एसटीनं यायला लागली.

गाडी बेळगावात दुसऱ्या एकाकडं काच आणि पुढचा पत्रा बदलायला टाकली होती. दुसरी किल्ली त्या माणसाकडं होती, ती त्यानं फिरवली. किल्ली फिरवली की समोरचे सगळे दिवे एकदा लागतात आणि मग विझतात. त्यातला एक लागलाच नाही. त्यानं लेकीला विचारलं, "ताई, एबीएसचा दिवा कुठं गेला?" मग त्यानं मीटर उघडलं. दिव्यावर आतून काळी चिकटपट्टी लावली होती. बोटाच्या नखाएवढी, नीट कापून.

आता हे एबीएस काय ते सांगते. मलाही तेव्हाच कळलं. इंजिनाजवळ एक लोखंडी ठोकळा असतो, त्यातून ब्रेकचे पाइप जातात. त्याला एक काळी डबी स्क्रूनं जोडलेली असते. जोरात ब्रेक दाबला तरी ती चाकांना पूर्ण जाम होऊ देत नाही, धर-सोड धर-सोड करते. म्हणून गाडी घसरत नाही आणि वळवता येते. डबी मेली तरी साधा ब्रेक लागतो. पण समोर पिवळा दिवा लागतो, की बाबा, सांभाळ.

तो दिवा दसऱ्यानंतर महिन्याभरानं लागला होता. गाडी पुतण्याकडं नेऊया म्हणून मीच सांगितलं. दोन दिवस ठेवून घेऊन तो म्हणाला, "नवी डबी बसवली काकी. आता ओल्या रस्त्यावर बी बिनघोर जावा." लेकीनं विचारलं, "जुनी कुठं हाय?" तो म्हणाला, "भंगारात गेली." लेकीनं परत विचारलं तर मी तिला गप्प केलं. घरच्या माणसाला असं विचारतात का, म्हणाले. ही माझी चूक. मोठी.

फोनवर लेकीनं पट्टीचं सांगितलं तेव्हा मी चप्पल हातात घेतली होती, ती पायात घालायला नव्हे. मग बसले आणि विचार केला. तो म्हणेल, पट्टी मी लावली नाही, त्या बेळगाववाल्यानंच लावली. शब्दाला शब्द होईल. भावकी त्याचंच ऐकेल, कारण तो मिस्त्री आणि माझी लेक बाई. मला त्याला मारायचं नव्हतं. मला त्याच्या तोंडून 'डबी बसवली न्हाय' हे वाक्य काढायचं होतं, आक्काच्या मुलांसमोर.

लेकीला म्हटलं, "डबी आपण बसवायची. घरात. कुणाला कळू द्यायचं न्हाय."

"आई, मी गाडीला हात लावणार न्हाय."

"चालवू नगंस. उघड तरी."

जुन्या डबीवरचाच नंबर बघून तिनं कोल्हापुरातून तसलीच आणली. कारखान्यातल्या मैत्रिणीकडून गाडीला जोडायचं ते छोटं यंत्र मागून आणलं. गाडी बेळगाववाल्यानं घरी आणून सोडली होती. रविवारी सकाळी आम्ही ती परसात उघडली. तिनं आधी बॅटरीची काळी वायर काढली आणि पाव तास थांबली. पाइपांना मला हात लावू दिला नाही. "त्यातलं तेल सांडलं आणि हवा शिरली तर ते मग आपल्या हातचं न्हाय." मोठ्या प्लगाला एक दांडी होती, ती वर उचलली आणि प्लग सुटला.

प्लगाच्या आत लाल-हिरवा खरपुडा होता. पितळेच्या पिना खाल्ल्या गेल्या होत्या. लेकीनं टॉर्च धरला.

"आई, हे कुंकू हाय."

कुंकू माझंच होतं. खंडेनवमीला मी बॉनेट उघडायला लावलं होतं, हळद-कुंकू वाहिलं होतं, झेंडूची माळ घातली होती, नारळ फोडला होता आणि पाणी सगळं इंजिनावर ओतलं होतं. तीस वर्षं विड्या वळल्या, दर खंडेनवमीला सूप आणि कात्री मांडून त्यावर नारळाचं पाणी शिंपडलं. कात्री संध्याकाळी पुसून ठेवता येते. इंजिन कुणी पुसतं? पाणी प्लगात उतरलं, वाळलं, आणि महिनाभर आत खात बसलं. लेक तेव्हा म्हणाली होती, थोडं शिंपड. मी म्हणाले होते, देवाचं काम हात राखून करू नये.

डबी मीच मारली. हे मी मान्य केलं आणि लगेच दुसरंही मान्य केलं: पुतण्यानं प्लग उघडला असणार, हे कुंकू बघितलं असणार, आणि तरी पट्टी कापायला बसला असणार. माझा राग एका केसानंही कमी झाला नाही.

डबीला सहा स्क्रू होते, चांदणीच्या तोंडाचे. दोन खालच्या बाजूला, दिसत नव्हते. लेकीचा हात तिथं वळेना. मी घातला. विड्या वळणाऱ्या बाईला बघावं लागत नाही. जुनी डबी सरळ ओढली तेव्हा मागं ठोकळ्यावर दोन ओळींत गोल बोंडं दिसली. नवी डबी त्या सगळ्या बोंडांवर एकदमच बसवायची, तिरकी नाही. लेकीनं लावली, दाबली.

"बसली."

मी कडेनं नख फिरवलं. "खालच्या कोपऱ्यात फट हाय."

"मला दिसत न्हाय."

"दिसू नगं. काढ."

काढली. खालच्या कोपऱ्यात वाळूचा एक कण होता. लेक तो कण तळहातावर घेऊन बघत राहिली आणि म्हणाली, "तुला आमच्या कारखान्यात घ्यायला पायजे."

"पगार कमी देतील. बसव."

स्क्रू तिनं समोरासमोरचे थोडेथोडे करत आवळले. जुना प्लग कापून कोल्हापूरहून आणलेला नवा जोडला, त्यात तिची दुपार गेली. यंत्र लावून तिनं डबीला आमच्या गाडीचा नंबर शिकवला. मग किल्ली फिरवली. पिवळा दिवा लागला आणि विझला.

"आता कुणीतरी चालवून बघाय पायजे," मी म्हणाले.

ती देव्हाऱ्याकडं बघत बसली. किल्ली आता तिच्या हातातच होती तरी. शेवटी उठली. गावाबाहेर तंबाखूच्या शेताकडं जाणारा खडीचा रस्ता आहे, पुढं विहिरीपाशी संपतो. शेताला पाणी सोडलेलं होतं, ते रस्त्यावर आलं होतं. मी शेजारी बसले. पहिला गिअर तिला दोनदा पडला नाही. साठच्या वर नेऊन तिनं ब्रेक दाबला. पायाखाली धरधरधर झालं, गाडी सरळ थांबली. भीती वाटली का? व्हय. आम्ही तीनदा केलं. तिनं फीत धरून मोजलं आणि ज्या ठिकाणी ब्रेक दाबायचा तिथं चुन्याची रेघ मारली. रस्त्याच्या शेवटी शेजाऱ्याची रिकामी ट्रॉली मागून आणून आडवी लावली.

दुसऱ्या दिवशी लेकीनं रजा टाकली. आम्ही गॅरेजवर गेलो. गिऱ्हाईकं होती. पुतण्यानं चहा मागवला.

"काय काकी, गाडी दुरुस्त झाली व्हय? आता हिला चालवाय देता?"

"देते की. जरा बस आणि ब्रेक बघ. आवाज येतोय."

"ठेवून जावा, बघतो."

"आत्ताच बस. तू बसवलेलं, तुलाच कळंल."

गिऱ्हाईकांसमोर नाही म्हणता येईना. तो चहाचा कप हातात घेऊन पुढच्या सीटवर बसला. मी मागं, मधोमध.

"अण्णा, पट्टा लावा," लेक म्हणाली.

"मला पट्टा?" तो हसला. खडीवर गाडी आल्यावर त्यानं पट्टा लावला.

लेकीनं वेग धरला. समोर पाणी, त्याच्यापुढं ट्रॉली.

"हळू गं."

"हळू कशाला रं? नवी डबी हाय न्हवं?"

"काकी, रस्ता ओला हाय!"

"ओल्यासाठीच असती म्हणालतास की."

"अगं ब्रेक मार! ट्रॉली हाय! बये, दिसंना काय तुला?"

लेक बघत होती. ती चुन्याची रेघ बघत होती. आज तिनं एकही गिअर चुकवला नव्हता.

"बिनघोर जावा म्हणालतास," मी म्हणाले.

"न्हाय बसवली! काकी, न्हाय बसवली मी! जुनीच हाय ती! पट्टी लावलीया नुसती! थांबव, लागत न्हाय तो ब्रेक, घसरती ती—"

रेघ आली. लेकीनं पाय पूर्ण दाबला. धरधरधर. गाडी सरळ थांबली. ट्रॉलीच्या आणि आमच्या मधून एक बैलगाडी आडवी गेली असती. चहा त्याच्या मांडीवर सांडला होता. सगळा ओलावा चहाचा नव्हता. हे मी कुणाला सांगणार नाही असं मी त्याला म्हणाले, आणि पुढं सगळ्यांना सांगितलं.

मी पिशवीतून जुनी डबी काढून त्याच्या मांडीवर ठेवली. "वळख."

तो ती उलटीपालटी करत राहिला. श्वास जागेवर आल्यावर त्याला अक्कल आली. "काकी, ह्यातलं कुंकू तुमचं हाय. तुम्हीच पाणी घातलंय. तुम्हाला वाईट वाटंल म्हणून मी बोललो न्हाय."

"मला वाईट वाटू नये म्हणून आक्का मरायची थांबली असती व्हय? कुंकू माझं. ते मी सांगणार हाय. तुझं तू सांग. चल बेळगुंदीला."

"आता?"

"कपडे बदल आणि चल."

दीड-दोन तासांचा रस्ता.  वाटेत प्रत्येक ट्रॅक्टर आला की पुतण्याचा पाय आपोआप पुढं जाऊन फरशी दाबत होता. मला मागून दिसत होतं. मला बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू, दसऱ्याला सोनं लुटल्यावर वाटतं त्याच्यापेक्षा बरं.

आक्का बाहेरच्या सोप्यात बसली होती, हात गळ्यात बांधलेला. दोन्ही मुलगे घरी होते. पुतण्या जमिनीकडं बघून बोलला. डबी बदलली नाही, दिव्यावर पट्टी लावली, गाडी घसरली त्यात हिचा दोष नाही. थोरला मुलगा उठला, तेव्हा मी म्हणाले, "बस. माझं राहिलंय." आणि मी नारळाच्या पाण्याचं सांगितलं. ते सांगायला मला जड गेलं, पण पुतण्यापेक्षा मला कमी बोलावं लागलं.

आक्कानं आधी माझ्याकडं बघितलं. मग पुतण्याला म्हणाली, "दवाखान्यात काय म्हणालास रं? बाईच्या हातात स्टिअरिंग दिलं की काय हुतंय?"

तो शर्टाचं बटण चाळवत राहिला.

"म्हण की परत. मला शुद्ध नव्हती तवा, नीट ऐकू आलं न्हाय."

त्याला म्हणता येईना. ती म्हण म्हणत राहिली, पाच-सहा वेळा, दर वेळी थोड्या हळू आवाजात. मग सुनेनं आतून पाणी आणलं आणि तांब्या लेकीच्या हातात दिला. पुतण्याला दिला नाही. परतीला तो एसटीनं गेला. त्याच्या गॅरेजकडं आमच्या भावकीतली एकही गाडी आता जात नाही. त्यासाठी मी घरोघर फिरले. पाय दुखले तरी फिरले. त्याची बायको एकदा रडत आली होती. तिला चहा दिला आणि परत पाठवलं.

अपघाताच्या दिवशी गाडीत आम्ही तिघी होतो. लेक, आक्का आणि मी. तिघी जिवंत आहोत. आक्काचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही.