मागच्या अंगणाचं स्टेशन

"गाडी येईन गा कधीतरी. आधी गाव तर पाहिजे ना!" असं म्हणत मास्तर फळीच्या काठावर हनुवटी टेकवायचे, एक डोळा मिटायचे आणि बोटाएवढ्या झाडाकडे टक लावून पाहायचे. वाकडं झाड आहे की मास्तर, असा प्रश्न आम्हा पाहणाऱ्यांना पडे.

मास्तर म्हणजे आमच्या नंदनवन वस्तीतले निवृत्त स्टेशन मास्तर. छोट्या लाइनीवरच्या एका आडगावी त्यांची अर्धी नोकरी गेली. तेच स्टेशन ते घरात खेळण्याएवढं करून बांधत होते, बायकोसाठी, म्हणजे आमच्या वहिनींसाठी. कमरेचं हाड मोडून वहिनी खाटेला खिळल्या होत्या आणि "मले एकदा आपल्या ठेसनावर घेऊन चला," एवढंच मागत होत्या. डॉक्टरांनी प्रवासाला साफ नाही म्हटलं. मग मास्तरांनी खाटेच्या उंचीला फळी लावली, मध्ये चादरीचा आडपडदा बांधला आणि कामाला लागले.

स्वतः लागले आणि गल्लीलाही लावलं. आमच्या घरचा चहाचा चोथा वाळून त्यांच्या शेतातली माती झाला. आरा मशीनवरचा लाकडाचा भुसा हिरव्या रंगात भिजून गच्चीवर वाळत पडे, ते गवत. दोडक्याच्या जाळीची झाडं. मी शाळेत चित्रकला शिकवायचो, त्यामुळे माझे रंग ते हक्कानं न्यायचे. परत आणणं मात्र त्यांच्या वेळापत्रकात नव्हतं. नव्हती ती फक्त गाडी. तशी खेळण्यातली गाडी आमच्या बाजारात कुठे मिळणार? कुणी गाडीचं विचारलं की ते 'आधी गाव'चं वाक्य ठरलेलं.

काम पुरं झालं त्या दुपारी आम्हा दोघाचौघांना बोलावून त्यांनी चादर ओढली. फलाट, पाटी, घंटा, सिग्नल, सगळं जागच्या जागी. आम्ही वाहवा केली. वहिनींनी मान उचलून फळी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली.

"हे कोणतं ठेसन हाय?"

"आपलंच वं! काहून, ओळखलं नाही?"

"मी कवा आली तुमच्या फलाटावर? माहा नळ कोठी हाय? कपड्याची दोरी? शेवग्याचं झाड?"

फलाटामागे क्वार्टर म्हणून पुठ्ठ्याचा एक कोरा डबा होता. बस. इतकी वर्षं त्या घरात राहून मास्तरांना मागचं अंगण आठवत नव्हतं. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली.

मास्तरांनी अख्खी फळीच फिरवली. फलाट भिंतीकडे गेला, कोरा डबा वहिनींपुढे आला.

"सांग वं. नळ कोठी होता?"

तेव्हापासून वहिनी सांगायच्या आणि मास्तर बांधायचे. "इतका दूर नोका लावू. पाणी आणता आणता माहे हात तुटले असते!" मास्तरांची हनुवटी आता वहिनींच्या उशीशेजारी टेकलेली असे. सगळ्यात शेवटी वहिनींनी दोरीवर त्यांचा ड्यूटीचा पांढरा सदरा मागितला, रोज धुऊन वाळत घालायच्या तो. जुन्या गणवेशाच्या बाहीतून मास्तरांनी तो कापला, नखाएवढा.

त्या उन्हाळ्यात मास्तरच गेले, बसल्या बसल्या. त्यांच्या स्टेशनात गाडी काही आली नाही.

तेरवीनंतर भेटायला गेलो, तेव्हा वहिनी फळीकडे तोंड करून निजल्या होत्या. शेवग्यावर धूळ बसली होती. खिशातल्या कुंचल्यानं मी ती हलकेच झटकू लागलो. दोरीपाशी आलो तशा वहिनी म्हणाल्या,

"त्या सदऱ्याले हात नोको लावू गा भाऊ. ओला हाय अजून."

मी कुंचला खिशात ठेवला.