खंडेनवमीला लावलेलं तेल

मालतीबाई दापोलीकडच्या. तिकडे घरात लोखंडाची किंवा पितळेची वस्तू आली, की तिच्यावरून खोबरेल तेलाचा हात फिरायचाच. खारी हवा काही टिकू देत नाही. लग्नानंतर त्या आल्या त्या सिल्वासाला समुद्र नव्हता, पण पाऊस धो धो होता आणि मालतीबाईंचा हात तोच होता. म्हणून त्यांच्या नवऱ्याने, रघुनाथरावांनी, एका जुन्या जंगल ठेकेदाराकडून रीतसर परवान्याने खिशात मावेल असं पिस्तूल घेतलं, तेव्हा खंडेनवमीच्या पाटावर विळी, कोयता आणि शिलाई मशीनच्या कात्रीशेजारी तेही बसलं. त्याची काडतुसंही बसली.

रघुनाथराव सामरवरणीच्या एका कारखान्यात रोखपाल. कामगारांचा पगार बँकेतून काढून जीपने स्वतःच न्यायचे. पिस्तूल त्यासाठीच, तळहाताखाली झाकून जाईल एवढं. काडतूस तर करंगळीच्या पेरापेक्षा थोडं मोठं. पितळेची नळी, वर तांबूस गोळी आणि बुडाशी मधोमध इवली टोपी. टोपीवर ठोका बसला की ठिणगी, ठिणगीने आतली दारू पेटायची. दारू चिमूटभरच, कारण एवढ्याशा पिस्तुलाला जास्त धक्का सोसत नाही. काडतुसं परदेशी, ठेकेदाराच्या तरुणपणातली. तशी आता सहजी मिळत नव्हती. मग मालतीबाई त्यांना जास्तच जपू लागल्या. तान्ह्या बाळाची टाळू भरावी तसं एकेक काडतूस तेलाने माखायच्या आणि तेलकट फडक्यात गुंडाळून ठेवायच्या. अशी कितीतरी वर्षं गेली.

अठ्ठ्याऐंशी सालच्या थंडीत, पगाराच्या दुसऱ्या दिवशी, कारखान्यातला नथू दारात उभा राहिला. हा चाळीसगावकडचा, बोलका माणूस. हातात पेढ्यांचा पुडा.

"बाई, पोरगी झाली! साहेबांनी काल रस्त्यातून जीप फिरवली, बायकोले दवाखान्यात पोचवलं. नाहीतर माझं काही खरं नव्हतं."

"बरं झालं हो. पण हे काही बोलले नाहीत घरी."

"बोलतील कसे? आधी मलेच घाबरले!" नथू हसत सुटला. "तोंडाला मफलर, हातात कोयता, झाडामागून एकदम आडवा आलो ना मी. साहेबांनी खिशातून ते लायटर काढलं, पिस्तुलासारखं. माझ्याकडे धरून टक् केलं. म्हटलं साहेब, बिडी मागून पेटवू, पहिले बायको! भारी शे लायटर, पण पेटत नाही. दुरुस्त करा म्हणा."

मालतीबाईंनी पेढा तोंडात घातला होता. घरात लायटर कुठलंच नव्हतं.

संध्याकाळी रघुनाथराव पोलीस ठाण्यात पिस्तूल दाखवून आले. तिथे हत्यारांची देखभाल करणारे कारभारी नावाचे हवालदार त्यांच्या ओळखीचे. रघुनाथरावांचा चेहरा उतरलेला.

"कारभारी म्हणतो, काडतुसं बाद. बहुतेक तेल मुरलंय टोपीत. की जुनी म्हणून मेली, की पिस्तुलाची स्प्रिंग ढिली, नक्की त्यालाही सांगता येत नाही. पण काडतुसाला तेल कोण लावतं, विचारत होता."

"मी लावते."

"तू?"

"पूजेला. गंजू नयेत म्हणून." त्यांनी पेढ्यांचा पुडा पुढे केला. "तुम्ही नथूवर चाप ओढलात?"

रघुनाथराव खुर्चीत बसले. चपलेचा अंगठा चाचपत राहिले.

"तेल लावलंस म्हणून तुला रागवायचं, की तुझ्या पाया पडायचं, मला कळत नाही," ते म्हणाले. "तो चोर असता तर मी मेलो असतो, मालती."

"आणि काडतूस चांगलं असतं तर?"



मालतीबाईंनाही काही कळत नव्हतं. भाकरी थापताना वाटायचं, आपण एक जीव वाचवला. तवा उतरवताना वाटायचं, आपण नवऱ्याला इतकी वर्षं रिकाम्या हाताने रस्त्यावर पाठवलं, आणि तेही प्रेमाने. दोन्ही खरं कसं असेल? कुणाला विचारावं, तर विचारायचं काय हेच सापडेना.

पुढच्या पगाराआधी वापीच्या एका हत्यारांच्या दुकानदाराने कुठूनशी नवी काडतुसं मिळवून दिली. स्प्रिंगही बदलली. रघुनाथरावांनी पिस्तूल भरून टेबलावर ठेवलं. मालतीबाईंनी त्याला हात लावला नाही.

पगाराच्या सकाळी ते पिशवी घेऊन बाहेर पडले. मालतीबाई कप उचलायला आल्या, तर पिस्तूल टेबलावरच. विसरले, की ठेवून गेले? विसरले असतील तर आज ते रिकाम्या हाताने चाललेत. ठेवून गेले असतील तर आपण कोण न्यायला? बाहेर जीप गुरगुरली. तशी त्यांनी पिस्तूल उचललं, पदराखाली धरलं आणि फाटकापर्यंत धावल्या.

रघुनाथरावांनी मान वळवली. आधी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग पदराकडे. मालतीबाईंना वाटलं, आता ते हात पुढे करतील. त्यांना वाटत असावं, ही हात पुढे करेल. जीप थरथरत उभी होती. रस्त्यावरून पहिल्या पाळीचे कामगार सायकलींवर चालले होते, सगळ्यांची तोंडं थंडीने मफलरात गुंडाळलेली.

रघुनाथराव त्या मफलरांकडे बघत राहिले. मग त्यांनी गिअर टाकला.

"येतो," ते म्हणाले.

"या," मालतीबाई म्हणाल्या, आणि पदर आणखी घट्ट धरला.