नगरसेवकांच्या खिशातली चिठ्ठी

आमच्या गल्लीच्या तोंडाला इस्त्रीचा गाडा लावणाऱ्या मामांचं नाव मी कधी विचारलं नाही. बोलताना मध्येच इस्त्री उभी करून ते दम खात, मग उरलेलं वाक्य पुरं करत. वॉर्डाच्या नगरसेवकांचे पांढरे शर्ट त्यांच्याकडेच येत.

मामांची नात महापालिकेच्या शाळेत दुसरीला होती. मीही तिथंच शिकलो. वर्गाचं छप्पर तेव्हाही गळायचं.

एकदा मामांनी मला कागद दिला. "कालिजात जातोस न्हवं? लिही की. घरफाळ्यात शाळंचा कर भरतोय, छप्पर कवा? सायबांच्या खिशात ठेवतो."

मी घुटमळलो. फी-माफीच्या अर्जावर मला त्याच नगरसेवकांची सही हवी होती. त्यांनी अक्षर ओळखलं तर? मामांना हे मी चाचरत सांगितलं.

"व्हय, मग ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. रागावले नाहीत. खाली वाकून त्यांनी स्वतःच वाकडंतिकडं लिहिलं, चिठ्ठी शर्टाच्या खिशात सरकवली आणि वरून इस्त्री फिरवली. पुढं प्रत्येक शर्टात ते चिठ्ठी ठेवू लागले.

महिन्याभरात माझ्या अर्जावर नगरसेवकांची सही झाली. छप्पर तसंच होतं. मी पेन घेऊन गाड्यावर गेलो. "मामा, आज मी लिहितो."

"नगं." त्यांनी इस्त्री उभी केली. "परवा सायबांनी इचारलं, अक्षर कुणाचं? म्हटलं, माझं. आता छप्पर होस्तवर त्येच ऱ्हाणार."