गर्दी भरेपर्यंत

आमच्या वरच्या मजल्यावरच्या सरांनी आयुष्यात कुणालाही एकही काम सांगितलं नाही. लातूर जिल्ह्यात असा दुसरा माणूस निघाला तर मी हे विधान खुलाशासह मागे घेईन. सर कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत. वर्गात "शांत बसा" म्हणत नसत. खडू घेऊन उभे राहत, पोरं कंटाळून गप्प होत, मग तास सुरू होई. आमच्याकडे आले तर बेल वाजवत नसत. एकदा पेपर घ्यायला दार उघडलं, तर सर समोर, हातातल्या ताटलीतला चुरमुऱ्यांचा सुशीला थंडगार. "कधी आलात?" "झाला असंल अर्धा तास. आवाज दिल्यावर उघडलेलं दार काय कामाचं?"

हे खूळ प्रयोगशाळेतून आलेलं. जिवाणूंकडून हवं ते प्रथिन बनवून घ्यायचं तर एरवी नेमक्या वेळी बाहेरून एक रसायन घालून त्यांना कामाला लावावं लागतं. सरांना तेवढा हुकूमही मान्य नव्हता. त्यांनी जिवाणूंत अशी जनुकं बसवली होती की प्रत्येक जण आपल्या असण्याची खूण भोवतीच्या पाण्यात सोडत राही. गर्दी वाढली की खुणा दाट होत आणि सगळे आपणहून कामाला लागत. ते कळावं म्हणून निळ्या दिव्याखाली हिरवं चमकणारं प्रथिन निवडलेलं. जगही ते याच मापानं मोजत. नव्या जिल्ह्यासाठी उदगीरला धरणं होतं. सर मूळचे तिकडचे. मंडपात दोन तास बसून आले आणि म्हणाले, "मागणी खरी हाय. गर्दी अजून भरली न्हाई."

मग तो दुष्काळ आला. नळ कोरडे, टँकर आठ दिवसांतून एकदा. सरांच्या निवृत्तीला महिना उरला होता; त्यानंतर प्रयोगशाळेच्या त्या खोलीला कुलूप लागणार होतं. आणि नेमके तेव्हाच जिवाणू बिघडले. मूठभर असतानाच चमकायला लागले. सरांनी सगळं तपासलं, काही सापडेना. एका संध्याकाळी जिन्यात उभे राहून ते मला हे सांगत होते, तेव्हा त्यांच्या बायको, आमच्या वहिनी, दारात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "पाणी कुठलं घातलं?"

"आधीच्याच चंबूतलं. बारीक गाळून घेतलं. थेंब वाया जाऊ दिला न्हाई."

"आवो, तांदूळ धुतलेल्या पाण्याला तांदळाचा वास राहतोच की. जुन्या गर्दीच्या खुणा त्यातच असतील न्हाई का?"

सर पायरीवर बसले. जिवाणू गाळले गेले होते, खुणा नाही. पाणी वाचवण्याच्या नादात त्यांनी नव्या जिवाणूंना नसलेली गर्दी दाखवली होती.

आता हंडाभर कोरं पाणी हवं होतं, आणि मागायचं तर कुणाला तरी सांगावं लागणार होतं. टँकर आला त्या दिवशी सर गल्लीतल्या पिंपांजवळ जाऊन उभे राहिले. शेजारणीनं विचारलं, "सर, काही पायजे का?" सर म्हणाले, "न्हाई. उभा हाय." तासाभरानं रिकाम्या हातानं परतले, तर जिन्यात भरलेला हंडा. वहिनी दारात.

"मला कुणी सांगितलं न्हाई बरं का," त्या म्हणाल्या. "आपोआप आलाय."

त्या आठवड्यात वरच्या दोरीवर कपडे वाळले नाहीत.

निवृत्तीच्या आदल्या दिवशी मी प्रयोगशाळेत होतो. सकाळभर चंबू निळ्या दिव्याखाली काळाच राहिला. सर खिडकीबाहेर बघत बसले होते. दुपारी गर्दी भरली आणि चंबू हिरवा झाला. "बघा" असं ते म्हणाले नाहीत.

पुढच्या वर्षी दोघं नांदेडला मुलाकडे राहायला गेली. सांगून गेली नाहीत, हे ओघानं आलंच. आता नळाला पाणी आहे. नवा जिल्हा अजून झालेला नाही. आणि मी अधूनमधून, बेल वाजलेली नसताना, दार उघडून पाहतो.