मामांच्या विहिरीतलं इराण

माझ्या बायकोच्या मामांइतका इराणी माणूस अख्ख्या इराणात शोधून सापडायचा नाही. मामा मोर्शीचे. शाळेत भूगोल शिकवला, निवृत्तीनंतर सातपुड्याच्या पायथ्याची संत्र्यांची बाग सांभाळली, आणि लांबचा प्रवास म्हणाल तर एस.टी.नं अकोटपर्यंत. पण इराणच्या डोंगरात वसलेलं एक लहानसं शहर त्यांना गल्लीबोळांसकट पाठ. त्याचं नाव ते घेत नाहीत. जुन्या बायका नवऱ्याचं नाव टाळायच्या, तसं नुसतं ‘तिकडं’ म्हणतात. मार्च महिन्यात आम्हाला इथे उन्हाचे चटके बसत असताना मामा मफलर गुंडाळून बसतील आणि सांगतील, “तिकडं बर्फ पडून राहिला आज.” संत्र्यांच्या रांगेत त्यांनी अक्रोडाचं झाड लावलं. ते जगलं, फळ मात्र एकही धरलं नाही. तरी त्याच्या सावलीत कुणाला झोपू देत नाहीत. “अक्रोडाखाली झोपलेला माणूस जागा होते, पण पुरा नाई होत.” मी एकदा तिथे चांगली तासभर डुलकी काढली होती. तेव्हापासून मामी माझ्याकडे जरा निरखूनच पाहतात.

एकदा तिकडे जाऊन यायचं, एवढीच मामांची आयुष्यभराची हौस. पासपोर्ट काढून झाला होता, दिवाळीनंतर निघायचं पक्कं झालं होतं, आणि त्याच उन्हाळ्यात विहीर आटली. संत्र्यांची पानं वळायला लागली. मी म्हटलं, बोर मारा. मामा भडकले.

“बोर काहून? डोंगरापासून आपल्या विहिरीलोक भुयार हाये. बुजलं हाये फक्त.”

तिकडची शेती म्हणे अशाच भुयारांवर चालते. डोंगराच्या पोटातलं पाणी जमिनीखालून चालवत गावात आणायचं, आणि हवेसाठी मधेमधे खड्डे ठेवायचे. मोर्शीत कुठलं आलंय भुयार! पण मामांनी मला धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, नेऊन दाखवलं. डोंगराच्या दिशेनं, एका रेषेत, सारख्या अंतरावर जमीन बशीसारखी खचली होती. “कान लावा,” मामा म्हणाले. मी वकील माणूस, भर दुपारी इस्त्रीच्या पँटसकट ढेकळांत आडवा झालो. खालून टुक टुक आवाज येत होता. आपल्याच कानातली नाडी असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. मग तो आवाज थांबला. नाडी काही थांबली नव्हती.

रविवारी सकाळीच मामींचा फोन. “जवाईबापू, लवकर या. यायनं पांढरे कपडे घातले.” तिकडे भुयार खणणारे पांढरे कपडे घालूनच उतरतात, माती कोसळली तर वेगळं कफन लागू नये म्हणून. मी अमरावतीहून गाडी पळवत पोचलो, तेव्हा मामा कमरेला दोर बांधून विहिरीच्या काठावर उभे. मी भांडलो, हात धरला, शेवटी त्यांच्या भाचीची शपथ घातली.

“झाडं मरून राहिले,” एवढंच म्हणाले आणि खोबणींत पाय देत उतरले. दोराचं टोक मी धरलं.

बराच वेळ पहारीचे घाव ऐकू येत होते. मग सगळं शांत. मग मामा बोलायला लागले. हळू आवाजात, अदबीनं, मधेच थांबत, समोरच्याचं ऐकून घेत, “हो, हो” म्हणत. आणि ते थांबत तिथे दुसरा आवाज होता. शब्द कळत नव्हते. मामींनी पदर तोंडात कोंबला, म्हणजे तो त्यांनाही ऐकू येत होता. मामा चढायला लागले तसा मी दोर आवळत गेलो. वजन दोघांचं लागत होतं. वर आले एकटे मामा, गुडघ्यापर्यंत ओले, हात गारठलेले.

बाग वाचली. मामांनी विहिरीच्या भिंतीत पाडलेल्या भगदाडातून आजही मनगटाएवढी धार पडते. दिवाळी झाल्यावर मी मामांना तिकिटाचं विचारलं.

“आता कसं जमते?” ते म्हणाले. “ज्यानं पानी मोकळं केलं, त्यानं ते सोडून जाऊ नाई. तिकडचा कायदाच हाये. मी कबूल करून आलो त्यायले.”

बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. मलाही गलबलून आलं. जन्मभर एका गावाची ओढ लागलेला हा माणूस संत्र्यांच्या झाडांपायी कायमचा मोर्शीत अडकला, आणि त्या दिवशी दोर तर मीच धरला होता.

निरोप घ्यायला गेलो, तेव्हा मामा विहिरीवर वाकून उभे होते. “जवाई चालले अमरावतीले,” ते खाली कुणाला तरी सांगत होते. थोडं थांबले, ऐकून घेतलं, आणि लहान पोराची समजूत काढावी तसं म्हणाले, “नाई, नाई. मी कुठी जातो? इथंच हाये ना मी.”