चिमटीने सुटणारा क्लॅम्प

बदलापूरच्या आमच्या घरात वीज नव्हती. संध्याकाळी मी ट्रकची बॅटरी घरात आणायचो आणि बायको तिला रेडिओच्या तारा पान्याने आवळायची. तारा उलट्या लागू नयेत म्हणून तिने बॅटरीच्या अधिक चिन्हाच्या टोकाला कुंकू लावलं होतं. म्हणायची, "ही सवाष्ण बाजू."

आजारपणात तिला पाना फिरवता येईना, तेव्हा अंबरनाथच्या वर्कशॉपात खटपट करून मी नुसत्या चिमटीने सुटणारा क्लॅम्प बनवला. घेऊन आलो, तर ती गेलेली. तिचा मळवट भरत बायका म्हणाल्या, "भाग्याची हो, अहेव गेली."

भाग्य कसलं डोंबलाचं!

पुढे एकदा तो क्लॅम्प कुंकवाच्या टोकाला लावून पाहिला. चिमटीसरशी सुटला. इतकं सहज सुटायला कोणी सांगितलं होतं तिला?