डॉक्टर, आधी बसा

एका केमोला चार तास लागतात. सलाइनच्या थेंबांकडे माणूस बघून बघून किती वेळ बघणार? मग शेजारच्या खुर्चीशी बोलणं सुरू होतं. आमच्या मंगळवारच्या बॅचचे किस्से असेच साठत गेले. शिवाय घाबरले की मला जास्त बोलायची सवय आहे, आणि या वर्षात मी फार म्हणजे फारच बोलले!

बॅच म्हणजे आम्ही तिघं. मी बडोद्यातल्या सुभानपुऱ्याची, रिटायर्ड शिक्षिका. हरणीच्या कदमवहिनी, त्यांचे मिस्टर रेल्वेतून निवृत्त. आणि हसमुखभाई, अलकापुरीतले साडीवाले. मराठी गिऱ्हाइकांच्या कृपेने ते माझ्या मुलापेक्षा बरं मराठी बोलतात.

* * *

माझी पहिलीच केमो. डॉक्टर राउंडला आले आणि माझ्या डोक्यावरून माझ्या मुलाला, अनिकेतला विचारायला लागले.

"खाना बराबर खाती हैं? उलटी? नींद?"

अनिकेत उत्तरं देत होता. मी दोघांच्या मधे खुर्चीत, दोन्ही कान शाबूत.

"और मूड कैसा है इनका?"

मला राहवलं नाही. "डॉक्टर, पेशंट इथेच आहे. अजून गेलेली नाही!"

डॉक्टर मोठ्याने हसले. मग अनिकेतच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मूड अच्छा है!"

* * *

हसमुखभाईंना घरच्यांनी सांगितलं होतं, पोटात अल्सर आहे. सून इतकी दक्ष की तिने त्यांच्या फाइलला ब्राउन पेपरचं कव्हर घातलं होतं, वर नावाचं स्टिकर. शाळेच्या वहीसारखं! आत काय लिहिलंय ते पप्पांना दिसू नये म्हणून.

एकदा ती औषधं आणायला खाली गेली. मी जपून विचारलं, "हसमुखभाई, तुम्हाला माहीत आहे ना...?"

"बेन, गेटवर एवढा मोठा बोर्ड आहे, कॅन्सर हॉस्पिटल. त्याला कव्हर कोण घालणार?"

"मग घरी बोलत का नाही?"

त्यांनी दाराकडे बघून आवाज खाली केला. "त्यांना वाटतं मला माहीत नाही. तेवढंच त्यांना बरं वाटतं. तुम्ही बोलू नका हं!"

त्या दिवशी घरी जाताना मला हसू आलं आणि रिक्षात बसल्यावर रडू. घरातल्या पाच माणसांना एकच गोष्ट माहीत, आणि पाचही जण एकटे.

* * *

आमची सिस्टर जिग्नाशा हाताने हुशार, पण घाईत. बोलता बोलता सुई आत! कदमवहिनींच्या शिरा आधीच रुसलेल्या. एके दिवशी तिसऱ्यांदा टोचल्यावर वहिनींनी तिचा हात धरला.

"तुझ्या घरी कोणी आलं तर बेल वाजवतं ना?"

"हा, आंटी."

"मग तू पण बेल वाजवून आत ये."

तेव्हापासून जिग्नाशा सुई टोचण्याआधी आमच्या मनगटावर दोनदा टकटक करते आणि म्हणते, "टिंग टाँग!" दुखतं तेवढंच. पण दचकायला होत नाही.

* * *

याच कदमवहिनींनी एकदा आपलं निदान कसं समजलं ते सांगितलं. दुसऱ्या एका दवाखान्यात. डॉक्टरांनी दोन वाक्यांत सांगितलं आणि निघाले.

"सांगताना त्यांचा हात दाराच्या हँडलवर होता हो. मला फक्त विचारायचं होतं, नातीच्या मुंजीला मी असेन ना... नाही, नातवाच्या. बघा, अजून गोंधळ होतो. तोवर दार बंद!"

मग मी पर्समधून पेन काढलं.

* * *

अर्ज करायचा म्हटलं की बडोद्याच्या मराठी माणसाच्या अंगात येतं. आमचे पणजोबा संस्थानच्या कचेरीत होते. घरात अजून मिठाचा डबा हरवला तरी विषय लिहून अर्ज होतो! मी झक्क अर्ज लिहिला. मागण्या तीन. टोचण्यापूर्वी सांगावे. पेशंटशी बोलावे. बसून बोलावे. हसमुखभाईंनी त्याचं गुजराती केलं, सह्या गोळा केल्या आणि हॉस्पिटलच्या ऑफिसात तीन प्रती दिल्या.

पंधरा दिवसांत प्रत्येक खुर्चीशेजारी नवं कोरं स्टीलचं स्टूल! आम्ही खूश.

राउंड सुरू झाला. सगळ्या स्टुलांवर नातेवाईक ऐसपैस बसले होते. डॉक्टर उभे!

* * *

मग तोड काढली हसमुखभाईंनी. राउंडची चाहूल लागली की आम्हा सगळ्यांना एकदम चहाची तलफ येणार. "अनिकेत, जरा चहा आण ना." "अहो, चहा." "बेटा, चा लई आव ने." दोन मिनिटांत हॉल रिकामा!

पहिल्यांदा डॉक्टर भांबावले. इकडे तिकडे बघून म्हणाले, "सगेवाले कहाँ गए सब?" कोणीच नाही म्हटल्यावर नाइलाजाने आमच्याशी बोलले. तिसऱ्या-चौथ्या वेळी चक्क स्टुलावर टेकले. कदमवहिनींनी त्यांना अकरा प्रश्न विचारले, मी मोजले.

खाली चहावाल्याला मात्र कोडं पडलेलं. शेवटी त्याने अनिकेतला सांगितलं, "भाई, तुम्ही सगळे एकदम धावत आलात की मी समजतो, वर डॉक्टर आले!"

* * *

गेल्या मंगळवारी माझ्या स्कॅनचा रिपोर्ट होता. गाठ लहान झाली का, एवढंच कळायचं होतं. तीन रात्री मला झोप नव्हती. सकाळी पोहे केले आणि मीठ घालायचं विसरले. अनिकेतने ते न बोलता संपवले, तेव्हाच मला कळलं की तोही माझ्याइतकाच घाबरलाय.

हॉलमधे जिग्नाशाने टिंग टाँग केलं आणि हळूच कानात सांगितलं, "टीचर, तुमच्या अनिकेतभाईने काल फोन केला होता. रिपोर्ट पहिला मला सांगा, मम्मीला नको, असं सरांना म्हणाले."

मला राग आला. मग त्याची कीव आली.

राउंडची वेळ झाली. कदमवहिनींना तलफ आली, हसमुखभाईंना आली. त्यांची माणसं खाली गेली. मी म्हटलं, "अनिकेत, चहा."

"मला नकोय."

"मला हवाय."

"नंतर आणतो, आई." तो माझ्या स्टुलावर घट्ट बसून राहिला.

डॉक्टर आले. हातात पाकीट. सरळ आमच्याकडे. त्यांनी एकदा अनिकेतकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग अनिकेतच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बेटा, नीचे से चा लई आव ने. तीन."

अनिकेत उठला. दारापर्यंत दोनदा मागे वळला.

डॉक्टरांनी स्टूल ओढलं आणि बसले. सात महिने ज्याच्यासाठी भांडले, ते समोर घडत होतं, आणि माझ्या तोंडून निघालं, "डॉक्टर, उभे राहूनच सांगा ना!"

"नहीं, मासी. आपका अर्ज है."

मग त्यांनी सांगितलं. गाठ लहान झालेली नव्हती. थोडी वाढली होती. हे औषध बंद करायचं, दुसरं सुरू करायचं. दुसऱ्याची शक्यता चांगली आहे, पण खात्री देत नाही म्हणाले. मी विचारलं ते सगळं सांगितलं. पलीकडे हसमुखभाई डोळे मिटून बसले होते. कदमवहिनींनी मधलं अंतर ओलांडून माझं बोट धरलं होतं, सलाइनच्या हाताने.

डॉक्टर उठून गेले. स्टूल रिकामं झालं.

अनिकेत आला. तीन कप, तिन्ही अर्धे सांडलेले. दारातूनच म्हणाला, "आई, काय म्हणाले?"

मी त्याच्या हातातले कप घेतले, खाली ठेवले आणि स्टूल माझ्याजवळ ओढलं.

"आधी बस," मी म्हटलं.